माहेरचा कान

कानतज्ज्ञ मुलीनं चष्म्याच्या डबीतून मशीन बाहेर काढलं, पांढऱ्या कापडावर ठेवलं आणि भिंग धरून त्याच्या तारेकडे इतका वेळ बघत राहिली, की समोर बसलेले खरेदीसाहेब खुर्चीत चुळबुळू लागले.

"काका, डावा की उजवा?"

"काय?"

"कान. कुठल्या कानाचं मशीन आहे हे?"

"माहेरच्या," खरेदीसाहेब म्हणाले.

मुलीनं भिंग खाली ठेवलं. दिवसभर कमी ऐकू येणाऱ्या माणसांशी बोलून तिला एक सवय लागली होती. उत्तर विचित्र आलं, की तोच प्रश्न मोठ्यानं आणि सुटा सुटा करून विचारायचा.

"काका. डावा. की. उजवा?"

"मला ऐकू येतं," खरेदीसाहेब म्हणाले. "मशीन माझ्या बायकोचं आहे."

आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. बेअरिंगच्या कारखान्यात जन्मभर खरेदी खातं सांभाळलेला माणूस. त्यांच्या कारकिर्दीत चुकीचा सुटा भाग कारखान्याच्या फाटकातून आत आला नाही अशी त्यांची ख्याती होती, आणि ती मुख्यतः त्यांनीच पसरवलेली होती. निवृत्त झाल्यावर कारखाना मागे राहिला, 'खरेदीसाहेब' हे नाव मात्र त्यांच्या मागोमाग घरापर्यंत चालत आलं. शेजारी तसं म्हणत, दूधवाला म्हणे, आणि रागात असली की बायकोही म्हणे.

माहेर आणि सासर ही वाटणी बायकोची. दोन्ही कानांना मशीन लागलं तेव्हा तिनंच ती करून टाकली होती. एका कानात मशीन घातलं की शब्द कळत. भावाचा फोन ती त्याच कानाला लावी, म्हणून तो माहेरचा. दुसरा कान पार गेलेला. त्याला जाड नळीचं, मापाचा साचा बसवलेलं दांडगं मशीन होतं, आणि तरीही नुसता आवाज आत जाई, अर्थ उंबऱ्याबाहेरच राही. तो सासरचा. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा खरेदीसाहेब मनापासून हसले होते. आपण हसायला नको होतं की काय, हे त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही.

तेव्हापासून घरात डावा-उजवा हा प्रकारच उरला नव्हता. 'माहेरची बॅटरी संपली', 'सासर कुठं ठेवलंत?', 'आज माहेर नुसतं खरखर करतंय' अशी सगळी भाषा. त्यात कुणाचं काही अडलं नव्हतं. काल सकाळी माहेर एकाएकी मुकं झालं तोपर्यंत.

"मशीनवरच खूण असेल ना काहीतरी," ते म्हणाले. "कुठलाही भाग खुणेशिवाय बाहेर पडत नाही."

"असते ना. लाल ठिपका उजव्याला, निळा डाव्याला." मुलीनं मशीन त्यांच्यासमोर धरलं. "याचा पुसला गेलाय."

"मी दर रविवारी स्पिरिटनं पुसतो."

"दिसतंय," मुलगी म्हणाली. "बरं, ठिपका नसला तरी तारेच्या वळणावरून ओळखता येतं. ही तार कानाच्या मागून येते आणि वळून आत शिरते. डाव्याचं वळण एकीकडे, उजव्याचं दुसरीकडे. पण ही तर सरळ आहे. कुणी केली?"

खरेदीसाहेबांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"वाकडी दिसत होती," ते म्हणाले.

गेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर स्टीलची पट्टी ठेवून, तिच्या कडेनं, त्यांनी ती तार मोठ्या निगुतीनं सरळ केली होती. वाकडा भाग परत पाठवायचा असतो, आणि परत पाठवायची सोय नसेल तर सरळ करायचा असतो. बायकोनं काही न बोलता ते मशीन तसंच घातलं. दोनतीन दिवस ते कानातून सुटून खांद्यावर लोंबत राहिलं आणि मग त्यानं बोलणंच टाकलं.

"कॉम्प्युटरला जोडून कळणार नाही?"

"कळलं असतं, पण या मॉडेलची केबल आता आमच्याकडे नाही. कंपनीनं मॉडेल बंद केलं."

"बंद केलं म्हणजे? बायको चालू आहे अजून."

मुलगी हसली आणि मग हसल्याबद्दल जराशी ओशाळली. तिनं मशीन पुन्हा हातात घेतलं.

"मूळ मशीन ठीक आहे, काका. टोकाचा हा रिसीव्हर गेलाय. हा दाण्याएवढा स्पीकर. तो तारेसकट बदलावा लागतो. पण हल्ली येतात त्यांना दोन पिना असतात, याला तीन लागतात. पिना जमल्या तर तारेची लांबी जमायला हवी. लांबी जमली तर ताकद. जास्त ताकदीचा लावला तर हे मशीन त्याला पेलायचं नाही, आणि कमी ताकदीचा लावला तर काकूंना पुरायचा नाही."

दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच खरेदीसाहेब खुर्चीत ताठ बसले. ही भाषा त्यांची होती.

"पिना तीन. लांबी पट्टीवर मोजून घ्या. ताकद मधली. टोकाची रबरी टोपी जुनीच चालेल," ते म्हणाले. "लिहून घ्या."

"लिहिलंय."

"मग राहिलं काय?"

"बाजू," मुलगी म्हणाली.

खरेदीसाहेबांनी पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

"नाहीतर सरळ नवीन मशीन का घेत नाही? आठवड्याभरात कान तपासून, जुळवून देते. काकूंनाही घेऊन या."

काकूंना आणलं नव्हतं, कारण खरेदीला माणसं बरोबर नेली की खरेदी बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. तेवढं ते मुलीला म्हणाले नाहीत.

"आठवडा नाही आमच्याकडे. उद्या संध्याकाळपर्यंत हवं," ते म्हणाले. माल कधी पोचला पाहिजे हे पुरवठादाराला सांगतात, त्याच आवाजात पुढे म्हणाले, "परवा सकाळी हिच्या भावाचं ऑपरेशन आहे. घशाचं. स्वरयंत्र काढणार आहेत. पुढच्या आठवड्यात होतं, आम्ही जाणार होतो, तिकिटंही काढली होती. डॉक्टरांनी अचानक अलीकडे ओढलं. उद्या संध्याकाळी तो हिला फोन करणार आहे. त्याच्या आवाजातला तो शेवटचा."

 मुलीनं टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि गावोगावच्या दुकानदारांना लावायला सुरुवात केली.

ती एकेकाला पिना, लांबी आणि ताकद सांगत होती तोवर खरेदीसाहेब खिशातल्या स्टीलच्या पट्टीशी खेळत बसले. मेहुण्यांचा विचार ते सहसा करत नसत. मेहुणेच तेवढी वेळ येऊ देत नसत. रेल्वे स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अख्खं शहर त्यांच्या सांगण्यावरून फलाट बदलत असे. निवृत्तीनंतर स्टेशन सुटलं, आवाज सुटला नाही. तो दर आठवड्याला फोनमधून येई आणि स्थिरावून बसे. घरातला नळ गळतो हे सांगायचं असलं, तरी इमारत कुणी बांधली तिथून सुरुवात. खरेदीसाहेब मनातल्या मनात त्यांना उद्घोषक म्हणत. फोनची घंटा वाजून बायकोच्या तोंडून "दादा!" असं निघालं, की ते पायांत चपला सरकवून बाहेर पडत. उद्घोषकांनी विचारलंच, की बायको सांगे, ते बाहेर गेलेत. तोवर ते खरंही झालेलं असे.

"आहे?" मुलगी फोनवर एकदम म्हणाली. "तीन पिनांचा? जुना माल? … एकच? … थांबा हं." तिनं फोनवर हात ठेवला. "काका, एकाकडे एकच नग उरलाय. उजव्या कानाचा. पार्सलची गाडी आत्ता सुटतेय, म्हणतोय. उद्या दुपारी इथं. घ्यायचा?"

"एक मिनिट," खरेदीसाहेब म्हणाले आणि मोबाइल काढून घरी फोन लावला.

घंटा बराच वेळ वाजली. नुसता आवाज सासरलाही कळत होता, त्यामुळे बायकोनं फोन उचलला खरा.

"हॅलो, मी बोलतोय," खरेदीसाहेब ओरडले. "तुझा माहेरचा कान कुठला?"

"हॅलो?" पलीकडून बायको म्हणाली. "कोण आहे?"

"मी! अगं मी! डावा का उजवा?"

"ते घरी नाहीत. बाहेर गेलेत," बायको म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुकानात आणखी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना बहुधा काहीच ऐकू येत नसावं, कारण तेवढेच काय ते न हसता बसले होते.

"काका, गाडी," मुलगी म्हणाली.

खरेदीसाहेबांनी डोळे मिटले आणि फोनवर बोलणारी बायको डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आली, पण पाठमोरी. दाराच्या चौकटीतून, चपला घालता घालता दिसते तेवढी. अंबाडा, खुर्चीची पाठ, खिडकीचा पडदा. चोंगा कुठल्या हातात आहे ते काही केल्या दिसेना. समोरून ती फोनवर बोलताना कशी दिसते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

मग त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं विचार केला. बायको उजव्या हाताची. उजव्या हाताचा माणूस वस्तू उजव्या हातानं उचलतो. उजव्या हातात उचललेला चोंगा उजव्या कानाला लागतो. यात कुठं फट नव्हती.

"उजवाच हवाय," ते म्हणाले.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. बायकोनं दार उघडलं. तिच्या उजव्या कानामागे सासरचं जाडजूड मशीन बसलेलं होतं आणि नळीच्या टोकाचा साचा कानात घट्ट होता. डावा कान मोकळा होता.

खरेदीसाहेब दारातच उभे राहिले. सकाळी निघताना हीच बायको, हेच कान, याच दारात उभे होते. पिशवी हातात देताना ती इतकी जवळ आली होती, की केसांच्या तेलाचा वास आला होता.

"मिळालं?" तिनं विचारलं. ऐकू येत नसलं की ती मोठ्यानं बोले, आणि चाचपून पाहिल्यासारखं त्यांच्या ओठांकडे बघे.

"उद्या," त्यांनी ओठ मोठे करून सांगितलं. "उद्या दुपारी."

"देव पावला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

जेवताना ते तिच्याकडे बघत राहिले. तिचा उजवा हात एक क्षण रिकामा नव्हता. वाढत होता, पुसत होता, डब्याचं झाकण लावत होता. आत्ता कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. फोनवर असतानाही या हाताचं काही ना काही चालूच असणार. चोंगा डाव्या हाताकडे जाणार नाही तर जाणार कुणाकडे? फट होती ती इथं.

"काय बघताय?"

त्यांनी मान हलवली आणि जेवण बरं झालंय अशी खूण केली. तीही चुकलीच. बायकोनं त्यांना पुन्हा वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीनं पार्सल फोडलं, जुनी तार ओढून काढली आणि नवी टिचकन बसवली. मशीन कानाशी धरून तिनं ऐकलं.

"पिना बरोबर. लांबी बरोबर. ताकद बरोबर. आवाज स्वच्छ," ती म्हणाली. "आता काकू खूश."

"कान चुकलाय," खरेदीसाहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"डावा हवा होता."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तारेकडे पाहिलं. नव्या तारेचं वळण कसं डौलदार होतं, आणि नेमकं उलट्या बाजूला.

"तुम्ही तर अगदी खात्रीनं म्हणालात."

"खात्री होतीच," खरेदीसाहेब म्हणाले. "माहिती नव्हती."

डाव्या कानाचा तसा नग आता कुणाकडेच नव्हता. तिनं त्यांच्यासमोर पुन्हा दोनचार फोन फिरवून पाहिले.

"ही तार वाकवून…" त्यांनी सुरुवात केली.

"नको!" मुलीनं मशीन चटकन आपल्याकडे ओढलं. "आतली तार केसासारखी असते, काका. पहिली तशीच गेली." मग तिला वाईट वाटलं असावं, कारण ती पुढे सरकून हळू आवाजात समजावू लागली. "असं करा. डाव्या कानात घातलं तरी ऐकू येईल. फक्त ते तिथं राहणार नाही, वळण त्याला बाहेर ढकलत राहील. फोन असेपर्यंत कुणीतरी हातानं धरून ठेवायचं. कडेनं धरा. वरच्या दोन बारीक भोकांवर बोट आणू नका, नाहीतर शिट्टी वाजेल."

"कुणीतरी म्हणजे?"

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघं."

"मग झालं की," मुलगी म्हणाली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि आपल्या हातानं डाव्या कानात मशीन घातलं. हात काढल्याबरोबर ते वळसा घेऊन बाहेर आलं आणि गालावर टेकलं. बायकोनं तारेवरून बोट फिरवलं, वळण चाचपलं.

"हे सासरच्या बाजूचं आहे," ती म्हणाली.

खरेदीसाहेबांनी मशीन पुन्हा कानात बसवलं आणि या वेळी तसंच धरून ठेवलं. शिट्टी वाजली. त्यांनी बोटं कडेला सरकवली. शिट्टी थांबली.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"एकच होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, हाच कान."

"वाटलं?"

ते तिच्या मागे उभे होते, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पण एवढ्या जवळून, एवढ्या हळू आवाजात ते तिच्याशी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते, हे दोघांच्याही लक्षात आलं असावं.

"विचारायचंत," ती म्हणाली.

"फोन केला होता. तू म्हणालीस, मी बाहेर गेलोय."

बायकोचे खांदे हलले. ती हसतेय की काय ते त्यांना कळेना, आणि वाकून बघावं तर हात हलला असता. तेवढ्यात फोन वाजला.

तिनं डाव्या हातानं चोंगा उचलला, कानापासून जरा वर, मशीनच्या अंगाला धरला. आवाज चढवायचं बटण खरेदीसाहेबांनी शेवटपर्यंत फिरवून ठेवलेलं होतं, त्यामुळे पलीकडचा शब्दन् शब्द त्यांनाही ऐकू येत होता. आज तिच्या उजव्या हाताला काही काम नव्हतं. तो मांडीवर पालथा पडला होता.

"दादा?"

"हां. पोचतोय का आवाज?"

खरेदीसाहेबांना आधी वाटलं, दुसराच कुणी बोलतोय. तो मोठा, गोल, घुमणारा आवाज कुठं नव्हताच. पिठाच्या चाळणीतून चाळून यावा तसा नुसता भुगा येत होता.

"पोचतोय," बायको म्हणाली. "तू सावकाश बोल. जोर नको लावूस."

"जोर लावूनच तर ही वेळ आली." पलीकडे खरखरीत हसणं झालं. "लक्ष देऊन ऐक. ही शेवटची सूचना."

"दादा, वेड्यासारखं बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. उद्यापासून तसाही बोलणार नाहीच."

मग उद्घोषक एकेक सांगत गेले. घराची किल्ली शेजारणीकडे दिली होती. कुंड्यांना पाणी घालायला तिला बजावलं होतं, पण ती फार घालते, मागच्या वेळी तुळस कुजली होती. मुलगा दवाखान्यात झोपायला येणार होता, आणि तो घोरतो. खाट खिडकीजवळ मिळाली होती. खिडकीतून रूळ दिसत नाहीत, पण गाडी गेली की कळतं. मध्येच ते थांबत, घोट घेत, आणि पुन्हा त्याच जागेवरून सुरू करत. बायको "हं" म्हणे, "बरं" म्हणे, आणि एकदा "तुळस माझ्याकडून ने," म्हणाली. कुणी रडलं नाही. दोघंही जन्मभराच्या सवयीनं बोलत होती, आणि सवयीत रडण्याला जागा नव्हती.

खरेदीसाहेबांचा दंड भरून आला होता. खांद्यापासून कोपरापर्यंत मुंग्या धावत होत्या. बोटं मात्र त्यांनी कडेलाच ठेवली होती.

"जावईबापू आहेत का?" उद्घोषकांनी विचारलं.

या प्रश्नाला खरेदीसाहेब आजवर दारातून नकाराचा हात हलवत आले होते. आज हात रिकामा नव्हता. बायकोनं मान जराशी वर केली, पण तिच्या तोंडून शब्द त्याआधीच निघून गेले होते.

"बाहेर गेलेत."

"हं," उद्घोषक म्हणाले. "पायांनी अजून धड आहेत म्हणजे. बरंच आहे."

बायकोनं चोंगा मशीनच्या आणखी जवळ धरला.

"त्यांच्याकडे एक काम होतं गं. म्हणजे सल्ला. हे लोक नंतर बोलायला मशीन देतात. एक गळ्याला टेकवून धरायचं असतं, एकाची नळी तोंडात घ्यायची असते. शिवाय तिसरं काहीतरी मानेतच बसवतात. मुलगा म्हणतो हे घ्या, दुकानदार म्हणतो ते घ्या. मला काय कळतंय त्यातलं? मी आयुष्यभर फुकटच्या घशावर बोललो." ते थांबले. घोट घेतल्याचा आवाज आला. "मी मुलाला सांगितलं, कुणाचं ऐकू नकोस, जावईबापू म्हणतील ते घ्यायचं. चुकीचा भाग त्या माणसानं जन्मात आणला नाही. तुझंही मशीन बिघडलं होतं, मुलगा म्हणाला. आणलं की नाही त्यांनी दोन दिवसांत?"

"आणलं," बायको म्हणाली.

"बरोबर बसलं?"

खरेदीसाहेबांच्या बोटांत तिचा कान होता. तो थोडा गरम झाला होता.

"बरोबर बसलं," ती म्हणाली. "अगदी मापाचं."

"बघ. मग ते आले की त्यांना विचार आणि मुलाला कळव. माझं विचारणं राहिलं म्हणावं. तसं बरंच राहिलं, पण हे विचार."

"विचारते," बायको म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "ते आले की विचारते."

खरेदीसाहेब वाकले. वाकताना हात हलला आणि मशीन शिट्टी वाजवू लागलं. बायकोनं डोळे घट्ट मिटले, पण डोकं तसूभर हलवलं नाही. चोंग्यापाशी तोंड न्यायचं तर त्यांना तिच्या गालाला गाल लावावा लागला. त्यांनी बोटं सावरली. शिट्टी थांबली.

"आलो," ते म्हणाले. "आत्ताच आलो, दादा."

 पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की खोकल्याचा, ते कळायला मार्ग नव्हता.

"या, या जावईबापू," उद्घोषक म्हणाले. "वेळ आहे ना? तीन प्रकारची मशीनं आहेत. थोडं लांबेल."

"सावकाश," खरेदीसाहेब म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."